नवे बाबा पाहिजेत

सौदी अरेबियातल्या यान्बू शहरात कुठल्याही मराठी घरातून कुणी सुट्टीला भारतात निघालं, की सरोज दळीचा फोन येतो. "येताना बॅगेत माझे दोन किलो ठेवा हं." कशाचे दोन किलो, हे फक्त नवी माणसं विचारतात. जुन्यांना ठाऊक असतं. परतीच्या विमानाच्या आधी सरोजचा भाऊ दत्ताराम चिपळूणहून गठ्ठा पाठवतो, आणि तो गठ्ठा कुरडया, गोडा मसाला, सुके बोंबील आणि कुणाच्या तरी आत्याने दिलेल्या बरण्यांच्या मधल्या फटीत बसून समुद्र ओलांडतो. गठ्ठ्यात मुलांची मराठी पुस्तकं असतात.

त्यामुळे आमच्या शाळेच्या लायब्ररीतलं मराठी कपाट उघडलं की आधी वास येतो. विज्ञानकथांना बोंबलाचा, शिवकालीन गोष्टींना लसणीच्या चटणीचा. कवितेची पुस्तकं एकदा कुणीतरी हिंगाच्या डबीला चिकटून आणली होती. ती अजून कुणी मागत नाही. सरोजला विचारलं की ती म्हणते, "वाचायला आले नाहीत तरी चालेल, हुंगायला या. हुंगता हुंगता एखादं पान उलटतंच."

सरोज गुहागरकडची. लग्नाआधी चिपळूणला एका छोट्या वाचनालयात पुस्तकांची देवघेव करायची. सदानंद दळी समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या प्लांटवर लागला आणि तिला इथे घेऊन आला, तेव्हा तिच्या हाताला काही कामच उरलं नाही. मग तिने स्वयंपाकघराची लायब्ररी केली. डबे बाराखडीप्रमाणे लावले. कणीक पहिल्या फळीवर, हळद पार वर, माळ्याजवळ. चहाला साखर घ्यायला गेलेला सदानंद साबुदाणा, सुंठ, सोडा यांच्यामध्ये हरवायचा. एक दिवस त्याने चहात सोडा घातला, तो चहा निमूटपणे प्यायला, आणि थेट शाळेच्या प्रिन्सिपॉलसमोर जाऊन बसला. "सर, हमारे घर में एक लायब्ररियन है. आप ले जाइए."

कुरियन सरांना वाटलं, माणूस पुस्तकांचा सेट दान करतोय. त्यांनी आनंदाने हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सरोज हजर.

शाळा इंग्रजी माध्यमाची, मुलं सगळ्या हिंदुस्थानातली, आणि सगळ्यांचे आईबाप काळजीवाले. परक्या मुलुखात राहायचं म्हणजे पुस्तक आधी स्वतःच गाळून घ्यायचं, ही इथली रीत. इथल्या मंत्रालयाने काही म्हणायच्या आधीच आपले लोक म्हणतात. सत्र सुरू होण्याआधी चार आया लायब्ररीत बसून स्टिकर चिकटवतात. शेतावरच्या गोष्टीच्या पुस्तकात एक डुक्कर होतं; सरोजने त्यावर पोपटाचं स्टिकर लावलं. मजकूर बदलायचा राहिला. तेव्हापासून पहिलीतली मुलं शपथेवर सांगतात, की पोपट चिखलात लोळतो आणि त्याला आठ पिल्लं होऊन ती सगळी दूध पितात.

स्टिकरचं सरोजला काही वाटायचं नाही. तिला राग यायचा तो फोनचा. कुणीतरी प्रिन्सिपॉलना फोन करायचं आणि पुस्तक गायब व्हायचं. एका आईने नकाशांचं पुस्तक काढायला लावलं, कारण त्यात बघून तिचा मुलगा "अंटार्क्टिकालाच जायचं" म्हणून रडत होता. एका बाबांनी भुताच्या गोष्टीला हरकत घेतली. भुताला त्यांचा आक्षेप नव्हता, भुताचं इंग्रजी व्याकरण कच्चं होतं. ते पुस्तक गेलं तेव्हा मात्र सरोज कुरियन सरांच्या केबिनबाहेर जाऊन उभी राहिली आणि पहिल्या तासापासून मधल्या सुट्टीपर्यंत हललीच नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणत होती, "भूत गेलं हो आमचं."

शेवटी सरांनी नियम केला. तक्रार लेखी द्यायची. निकाल लागेपर्यंत पुस्तक सरांच्या कुलपात. समिती बसेल, पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ऐकेल, आणि मगच तोंड उघडेल. सरोजला या शेवटच्या कलमाचा एवढा अभिमान, की तिने ते कपाटाच्या आत चिकटवून ठेवलं होतं. बदल्यात सरांनी एक अट घातली. "तुमचं मराठी इथे कुणी वाचू शकत नाही. प्रत्येक पुस्तक आधी तुम्ही वाचायचं. तुम्ही वाचलं म्हणजे मी वाचलं."

सरोज ती अट पाळत आली होती. एकदाच चुकली, आणि ते अवंतीमुळे.

अवंती गावंडे चौथीत. आई पूर्णिमा सरकारी हॉस्पिटलात नर्स, बाबा रूपेश रिफायनरीत इंजिनियर. अवंती बोलते इंग्रजीत, भांडते हिंदीत आणि वाचते मराठी. ही शेवटची करामत सरोजची. बाबा सुट्टीवरून आले की बॅगेतला गठ्ठा घेऊन अवंतीच पळत यायची. त्या दिवशीही आली. गठ्ठ्यात वरचंच पुस्तक होतं 'नवे बाबा पाहिजेत'. सरोज डेस्कवर बसून ते वाचायला लागली, आणि वाचता वाचता हसायला लागली. अर्धं झालं होतं, तेवढ्यात अवंतीने खालून हात घातला.

"टीचर, प्लीज, मी फर्स्ट!"

"अगं, माझं व्हायचंय."

"तुम्ही तर मोठ्या आहात. तुम्ही नंतर पण वाचू शकता."

यात काय चूक होतं? सरोजने पुस्तक देऊन टाकलं.

गोष्ट होती गोजी नावाच्या मुलीची. गोजीचे बाबा कधीच वेळेवर घरी येत नाहीत, आले तर तिला मैत्रिणीच्याच नावाने हाक मारतात. म्हणून गोजी दारावर पाटी लावते: 'नवे बाबा पाहिजेत. अनुभव असल्यास उत्तम.' मग रांग लागते. काकडीवाला येतो, बँडमध्ये पिपाणी वाजवणारे आजोबा येतात, एक माणूस आपल्या शेळीसकट येतो. गोजी एकेकाची मुलाखत घेते आणि एकेकाला नापास करते. सरोजने वाचलं ते इथपर्यंत.

त्या दिवसांत रिफायनरीत शटडाऊन चालू होतं. शटडाऊन म्हणजे प्लांट बंद ठेवून सगळी दुरुस्ती एकदम काढायची. अशा वेळी इंजिनियर मंडळी घरी येतात ती आंघोळीपुरती. रूपेश एका संध्याकाळी तसाच, हेल्मेट काखेत धरून आला, तर फ्लॅटच्या दारावर पाटी. मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत: 'New Father Required.' खाली कंसात: 'Family accommodation provided.'

आत अवंती टेबलामागे खुर्ची टाकून बसली होती.

"सिट डाऊन, प्लीज," ती म्हणाली. "माझ्या क्लास टीचरचं नाव काय?"

"अवू, मला आंघोळ करू दे."

"माझ्या शूजचा नंबर? डब्यातलं मी काय परत आणते? माझी बेस्ट फ्रेंड कोण?"

"नायरांची मुलगी," रूपेशने अंदाज टाकला.

"नायर मुलगा आहे. आणि ही गेव्ह मी चिकनपॉक्स."

दहापैकी त्याला एक गुण मिळाला, तोही आईचा मोबाईल नंबर पाठ होता म्हणून. पूर्णिमा स्वयंपाकघरात ओट्याला धरून हसत होती. तेवढ्यात बेल वाजली. दारात शाळेच्या बसचा ड्रायव्हर मोहियुद्दीन. अवंतीचा विसरलेला डबा परत द्यायला आला होता. त्याने पाटी नीट वाचली, टोपी सरळ केली आणि इकाम्याचं, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचं, अदबीने विचारलं, "बेटा, इकामा कौन बनाएगा? और बस मैं ही चलाऊँ, या वो अलग से?"

वरच्या मजल्यावरच्या दोन बॅचलरांनी पाटीचा फोटो काढून कंपाउंडच्या ग्रुपवर टाकला. सकाळी प्लांटवर रूपेशला तिघांनी गाठून विचारलं, "भाईसाब, सुना है आपकी पोस्ट निकली है?" राबिघच्या रिफायनरीतल्या त्याच्या मित्राने तर बायोडाटाच पाठवला, फोटोसकट.

तेवढ्यावर थांबलं असतं तर रूपेशने हसून सोडलं असतं. माणूस तसा बरा. पण अवंतीने गोष्ट वर्गात सांगितली, आणि आठवडाभरात चौथीच्या घराघरांत बाप नापास व्हायला लागले. मग एका शुक्रवारी रूपेशने मुलीच्या खांद्यावरून पुस्तकात डोकावून पाहिलं. जे पान दिसलं ते त्याने पुन्हा वाचलं, आणि शनिवारी तक्रार लिहिली.

रविवारी कुरियन सरांनी सरोजला बोलावलं. पुस्तक आधीच कुलपात गेलं होतं.

"सरोज, हा माणूस लिहितो की या पुस्तकात एक अनोळखी पुरुष घरात राहायला येतो. आणि आई त्याला..." सर थांबले. त्यांनी चष्मा पुसला. "...तूप वाढते."

"तूप?"

"तुपानंतरही काही आहे. त्याने लिहायचं टाळलंय." सर पुढे वाकले. "तुम्ही वाचलं होतं ना हे?"

"हो," सरोज म्हणाली. मग म्हणाली, "म्हणजे बऱ्यापैकी."

"बऱ्यापैकी," सर म्हणाले. हा एक मराठी शब्द त्यांना चांगला कळायचा. शाळेतली निम्मी मराठी मुलं गृहपाठाबद्दल विचारलं की हेच सांगायची. "ऐका. मला तुमच्याबद्दल शंका नाही. पण हे पुस्तक तसं निघालं तर बाकीच्यांची हमी कोण देणार? मला सगळं कपाट बंद करावं लागेल. बंद म्हणजे पुस्तकं ज्याची त्याला परत."

ज्याची त्याला परत! इतक्या वर्षांचे दोन-दोन किलो. सरोज घरी आली ती डोकं धरूनच.

"तू पूर्ण वाचलं नाहीस?" सदानंदने विचारलं. तो संध्याकाळचा चहा करत होता, आता फळीवर न बघताही त्याला साखर सापडायची.

"नाही हो. काय लिहून ठेवलंय देव जाणे. शेळीवाल्यापर्यंत तर सगळं सभ्य होतं."

"शेळीवालाच राहिला का शेवटी?"

"मला काय ठाऊक! पुस्तक कुलपात!"

सदानंदने कप तिच्यापुढे ठेवला. "हे बघ, कपाट बंद झालंच तर पुस्तकं घरी आणू. फक्त मला आत्ताच सांग, तेल कुठल्या फळीवर जाईल ते."

तिने दत्तारामला फोन लावून दुसरी प्रत वाचून दाखवायला सांगितलं. दत्ताराम म्हणाला, "ताई, दुकानात एकच शिल्लक होतं, म्हणून तर स्वस्तात दिलं." म्हणजे समितीसमोर उभं राहायचं आणि तिथेच, सगळ्यांबरोबर, आपल्या पुस्तकात काय आहे ते पहिल्यांदा कळून घ्यायचं.

समिती बसली ती सरांच्या केबिनमध्ये, मधल्या सुट्टीनंतर. कुरियन सर, हिंदी-उर्दू शिकवणाऱ्या तबस्सुम मॅडम, आणि उस्ताद हम्माद, अरबीचे सौदी शिक्षक. हम्माद वीस वर्षं हिंदुस्थानी मास्तरांमध्ये राहून हिंदी शिकले होते, पण ते मास्तर बहुतेक मल्याळी असल्याने त्यांचं हिंदी थेट केरळच्या किनाऱ्याला लागायचं. त्यांनी सगळ्यांना छोट्या कपांत कहवा ओतला. टेबलाच्या एका टोकाला रूपेश इस्त्रीच्या शर्टात बसला होता; शेजारी पूर्णिमा, ड्युटीवरून थेट, पांढऱ्या कोटात. त्याने तिला साथीला आणलं होतं. ती साथ कोणाला देणार, हे तिने आधी सांगितलं नव्हतं.

"तक्रार फक्त एका पानाची आहे," रूपेश म्हणाला. "तेवढंच वाचलं तरी—"

"पहिल्या पानापासून शेवटपर्यंत," सर म्हणाले. "नियम."

सरोजच्या अभिमानाच्या नियमाने आता तिचीच मान पकडली होती. तिने पुस्तक उघडलं. ती मराठी वाचायची आणि लगेच हिंदीत सांगायची.

काकडीवाला आला तेव्हा तबस्सुम मॅडम गालात हसल्या. पिपाणीवाले आजोबा आले तेव्हा सरांनी विचारलं, "पेन्शन मिळत होती का त्यांना?" शेळीवाल्याला हम्मादनी मनापासून पाठिंबा दिला. "ये अच्छा आदमी. शेळी रखने वाला आदमी घर रखता. इसको पास करो."

"उस्ताद, गोजीने त्याला नापास केलंय."

"क्यों?"

"शेळीने पाटी खाल्ली."

"वल्लाह, पाटी दूसरा लिख सकता!" हम्माद उखडले. सरांनी त्यांना कहवा ओतून शांत केलं.

मग रांगेत शेवटचा एक माणूस आला. मोठी झुबकेदार मिशी, काळा चष्मा, डोक्याला मफलर. सरोज इथून पुढे पहिल्यांदाच वाचत होती आणि तिचा आवाज आपोआप बारीक झाला. मिशीवाल्या काकांना सगळं येत होतं. गोजीच्या बुटांचा नंबर, तिला डब्यात काय आवडत नाही, ती झोपेत कुठल्या कुशीवर वळते, सगळं. "'तुम्ही पास,' गोजी म्हणाली. 'आजपासूनच या.'"

तिने पान उलटलं आणि वाचू लागली. "'आईने नव्या बाबांना आणखी तूप वाढलं. नवे बाबा म्हणाले, मी आता कुठ्ठे कुठ्ठे जाणार नाही. आई लाजली.'"

सरोजचं बोट ओळीवरच राहिलं.

"वाचा ना पुढे, सरोजवहिनी," रूपेश म्हणाला.

सरोजने घसा साफ केला. "'रात्री नवे बाबा जुन्या बाबांच्या गादीवर झोपले. जुन्या बाबांचा पायजमा त्यांना अगदी बरोब्बर बसला.'"

तिने हे हिंदीत सांगितलं. सांगावंच लागलं.

"पायजमा भी?" कुरियन सर म्हणाले.

"और पुराने अब्बा?" तबस्सुम मॅडमनी ओढणी तोंडाशी धरली. "उनका क्या हुआ?"

"किताब में नहीं है."

हम्मादनी कप खाली ठेवला. "पुराना बाबा फायनल एग्झिट?" त्यांनी विचारलं. नोकरी संपवून माणसाला कायमचं मायदेशी धाडतात तो हा शिक्का. इथे त्याचं नाव काढलं तरी लोक पासपोर्ट चाचपतात. "एक मिशीवाला आया, और पुराना बाबा खलास? नोटीस पीरियड भी नहीं?"

पूर्णिमाला पहिलं हसू इथे फुटलं. तिने ते खोकल्यात बुडवलं.

"तुला हसायला येतंय?" रूपेश वळला.

"नाही हो. पायजमा बरोब्बर बसला म्हणे."

"हे मुलांना देतात! माझ्या मुलीला वाटतं, आईने दुसरा माणूस जेवायला बसवला की झालं! तिने मोहियुद्दीनला विचारलं, त्याला तूप चालतं का म्हणून!"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि सरोजला ते पटत होतं, हेच वाईट. तिच्या डोळ्यांसमोरून कपाट चाललं होतं: बोंबील, लसूण, हिंग, सगळं. तिने पुस्तकाकडे पाहिलं. आई तूप वाढत होती, पुरुषाची पाठ दिसत होती, पाठमोऱ्या डोक्यावर मफलर नव्हता. शेळी मात्र खिडकीतून आत बघत हसत होती. ही शेळी कशाला हसतेय? इतक्या घाणेरड्या गोष्टीत शेळी इतकी खूश का?

तिने पान चिमटीत धरलं. जाड लागलं.

कणकेचा हात असलेल्या बाईला पापुद्रा कळतो. पुरी नुसती आहे की आत सारण आहे, हे बोटांना विचारावं लागत नाही. सरोजने पानाचा कोपरा पाहिला. अलीकडे एकवीस होतं, पलीकडे एकदम चोवीस.

"सर," ती म्हणाली, "हे एक पान नाहीये. ही दोन पानं चिकटलीयत."

रूपेश उठूनच उभा राहिला. "चिकटलीयत? का चिकटवलीयत? शाळेत पानांवर कागद कोण चिकटवतं, सगळ्यांना माहिताय! डुकराचा पोपट कोणी केला? ह्या दोन पानांत याहून भयंकर काहीतरी असणार, म्हणून यांनी ती बंद केली!"

"याहून भयंकर?" सर घाबरून म्हणाले. "पायजम्याच्या पुढे?"

"मी चिकटवलं असतं तर तूप आणि पायजमा उघडा ठेवला असता का, भाऊजी?" सरोज म्हणाली. "मी आधी पायजमाच झाकला असता!"

रूपेश पुन्हा खुर्चीत बसला.

"नियम," सरोज म्हणाली. तिचा आवाज आता केबिनबाहेर ऐकू येण्याइतका मोठा झाला होता. "पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. दोन पानं ऐकायची राहिलीयत. सर, किटली लावा."

सरांच्या खोलीतली विजेची किटली भरली गेली. पाणी उकळता उकळता हम्माद हळूच म्हणाले, "मेरे को लगता, शेळीवाला वापस आएगा." सरोजने झाकण उघडं ठेवलं आणि जोडपान वाफेवर धरलं, मोदकाची उकड बघावी तसं वाकून. पूर्णिमा कोट सावरून मदतीला आली आणि खिशातला लाकडी चपटा चमचा काढला, घसा तपासायचा. दोघी दोन बाजूंनी भिडल्या. कडा ओलसर झाली. एक तपकिरी थेंब टेबलावर पडला.

सगळे हुंगायला वाकले.

"दिब्स," हम्माद लगेच म्हणाले. "खजूर का."

"शीरा है, गुड़ का," तबस्सुम मॅडम म्हणाल्या.

"काकवी," सरोज म्हणाली.

पान सुटलं. सुर्रकन, अर्धं अर्धं, मग पूर्ण. चित्र जरा तपकिरी पडलं होतं, पण सगळं दिसत होतं. सरोजने नुसतं पाहिलं, आणि तिला वाचताच येईना. हसण्याने तिचा श्वास कोंडला. तिने पुस्तक पूर्णिमाकडे दिलं. पूर्णिमाने पाहिलं आणि ती मटकन खुर्चीत बसली.

"कोई बताएगा?" सर ओरडले.

तेविसाव्या पानावर मिशीवाले काका आमटीचा वाडगा तोंडाला लावत होते. आमटी कढत होती. वाफ वर गेली, डिंक सुटला, आणि सुंभाची ती झुबकेदार मिशी आमटीत पडून तरंगत होती. काळा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता. मफलर शेळीने ओढला होता. आणि आत, मिशीशिवाय, गोजीचेच बाबा होते. आई पदर तोंडाला लावून हसत होती, आणि गोजी म्हणत होती, 'मला तर बुटांच्या नंबरालाच कळलं होतं.'

सरोजने हे कसंबसं हिंदीत सांगितलं. मग उस्ताद हम्मादांच्या पोटातून कुठूनतरी खोल आवाज निघाला, आणि त्यांनी टेबलावर एवढ्या जोराने थाप मारली की कहव्याचे सगळे कप उडाले.

"पायजमा!" ते म्हणाले. "उसका अपना पायजमा!"

"बरोब्बर बसला!" कुरियन सर डोळे पुसत किंचाळले. ते किंचाळू शकतात हे शाळेत कुणाला माहीत नव्हतं. बाहेर बसलेली क्लार्क दार उघडून आत बघून गेली. तबस्सुम मॅडम "आमटी में... आमटी में..." एवढंच म्हणत राहिल्या.

रूपेश हसत नव्हता. तो टेबलावरच्या त्या तपकिरी थेंबाकडे बघत होता. त्याने बोट लावलं, नाकाशी नेलं, आणि नको नको म्हणत जिभेला टेकवलं.

"सुंठ," तो पुटपुटला.

"आणि बडीशेप," पूर्णिमा म्हणाली. "काकवीत सुंठ आणि बडीशेप घालणारी बाई अख्ख्या कोल्हापुरात एकच. आठवतं, तुमची आत्या म्हणाली होती झाकणाला दोरी बांध? आणि तुम्ही काय म्हणालात?"

रूपेशने बोट इस्त्रीच्या शर्टालाच पुसलं.

"मी इंजिनियर आहे, म्हणालात. लीकेजचं मला शिकवू नकोस."

पुस्तक आणलं होतं रूपेशनेच. त्याच्याच बॅगेतून, सरोजच्या दोन किलोंत, त्याच्याच आत्याच्या बरणीशेजारून. रिफायनरीतला एकही व्हॉल्व्ह त्याच्या हातून गळत नाही. गळली ती ही बरणी, आणि ती नेमकी बाविसाव्या आणि तेविसाव्या पानाच्या मध्ये.

आता तोही हसला. आधी नाकातून, मग इतका, की पूर्णिमाने त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या. "भाऊजी, तक्रार मागे घेताय का?" सरोजने विचारलं.

"घेतो हो, घेतो. पण आत्याला सांगू नका."

समितीने तरीही उरलेली पानं ऐकली. नियम. मग कुरियन सरांनी निकाल दिला: पुस्तक कपाटात, कपाट उघडं, आणि इथून पुढे काकवी, मध, पाक यांच्यासोबत प्रवास केलेलं प्रत्येक पुस्तक लायब्ररियनने पान मोजून घ्यावं. "आणि सरोज," ते म्हणाले, "बऱ्यापैकी नाही. पूर्ण."

"पूर्ण, सर."

ती केबिनमधून निघाली तर उस्ताद हम्माद मागे मागे. ते पुस्तक त्यांना एका दिवसासाठी हवं होतं. वाचता येत नसलं तरी चित्रं दाखवून मुलीला सांगता येईल म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते परत आणलं आणि नुसतंच डेस्कवर ठेवलं.

"काय झालं, उस्ताद?"

"नापास," हम्माद म्हणाले. "दस में दो. मेरी बीवी भी पेपर निकाल रही अब."

गावंड्यांच्या घरी निकालाच्याच संध्याकाळी फेरपरीक्षा झाली. पूर्णिमाने सरोजला आणि सदानंदला जेवायलाच बोलावलं होतं, साक्षीदार म्हणून. रूपेशने आंघोळ करून, भांग पाडून, टेबलासमोर बसून उत्तरं दिली. बुटांचा नंबर त्याने दारातल्या बुटाच्या तळव्यावर आधीच पाहून ठेवला होता. डब्यातलं कारलं परत येतं, हे मोहियुद्दीनकडून काढलं होतं. बेस्ट फ्रेंड नायर, मुलगा, कांजिण्या. क्लास टीचरच्या नावाला मात्र तो अडला. त्याने सरोजकडे पाहिलं. सरोजने आमटीत डोकं घातलं.

"सिक्स आऊट ऑफ टेन," अवंतीने जाहीर केलं. बराच वेळ पेन्सिल चावली. "बाबा, पास. पण प्रोबेशनवर. थ्री मन्थ्स."

"आणि मग पर्मनंट?"

"परफॉर्मन्सवर डिपेंड करतं."

पाटी उतरवायला रूपेश स्वतः दाराशी गेला. बाहेर मोहियुद्दीन उभा होता. अवंतीचा डबा आजही बसमध्येच राहिला होता. त्याने पाटी निघताना पाहिली आणि टोपी काढली.

"साब, जगह भर गई?"

"भर गई."

"मुबारक," मोहियुद्दीन म्हणाला. डबा रूपेशच्या हातात दिला, जायला वळला, आणि जिन्यावरून मागे बघून म्हणाला, "प्रोबेशन है ना, साब? मैं यहीं हूँ."